बाळाच्या तोंडातील पांढरे चट्टे: दुधाची साय, बुरशी आणि औषध लावण्याची रीत

तान्ह्या बाळाचे तोंड नीट पाहिले जाते ते बहुधा सकाळच्या अंघोळीनंतर. टाळू भरून, दुपट्यात गुंडाळून बाळाला मांडीवर घेतले की ते जांभई देते आणि आजीला त्याच्या जिभेवर पांढरा थर दिसतो. घर श्रीवर्धनचे असो, गुहागरचे असो की वेंगुर्ल्याचे, यानंतरचे बोलणे फारसे बदलत नाही. एक जण म्हणते, दुधाची साय आहे. दुसरी म्हणते, बाळाचे तोंड आले आहे. तिसरी टाकणखाराची लाही आणि मध आणायला आत जाते. यातली पहिली बरोबर असण्याचा संभव सर्वांत मोठा असतो आणि दुसरीच्या म्हणण्यातही तथ्य असू शकते. तिसरीला मात्र वेळेवर थांबवायला हवे, आणि ते का, हे सविस्तर सांगणे हा या लेखाचा एक मोठा हेतू आहे.

आधी ओळख कशी पटवायची ते पाहू. दुधाचा थर पातळ आणि सारखा असतो, तो मुख्यतः जिभेवरच दिसतो, आणि पाजून काही वेळ झाल्यावर तो विरळ होतो. बुरशीचे चट्टे मात्र नासलेल्या दुधाचे कण चिकटून बसावेत तसे उंचसखल दिसतात, आणि ते जिभेपुरते थांबत नाहीत. गालांच्या आतल्या बाजूला, ओठांच्या आत, हिरड्यांवर, कधी तोंडाच्या आतल्या टाळूवरही दिसतात. शंका असेल तर हात स्वच्छ धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला मऊ कापसाचा बोळा चट्ट्यावरून एकदाच, अगदी हलक्या हाताने फिरवून पाहावा. दूध असेल तर ते पुसले जाते आणि खाली गुलाबी जीभ दिसते. बुरशी असेल तर चट्टा सहजासहजी निघत नाही, आणि निघालाच तर खालची जागा लालभडक, सोललेली दिसते व तेथे रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. ही खूण दिसली की पुसणे तेथेच थांबवावे. ही केवळ ओळख पटवण्याची रीत आहे, उपचार नव्हे. पदराचे टोक बोटाला गुंडाळून चट्टे खरवडून काढण्याने बाळाच्या तोंडात जखमा होतात, त्याला दूध ओढताना वेदना होतात आणि बुरशी जेथे होती तेथेच राहते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. काही बाळांच्या तोंडातल्या टाळूच्या मधोमध किंवा हिरड्यांवर साबुदाण्याहून लहान, मोत्यासारखे घट्ट पांढरे दाणे जन्मतःच असतात. ते दातही नसतात आणि बुरशीही नसते. काही आठवड्यांत ते आपोआप नाहीसे होतात. त्यांना टोचू नये, चोळू नये.

‘तोंड येणे’ या आपल्या शब्दाने थोडा घोटाळाही होतो, कारण त्यात सगळेच येते. विषाणूमुळे आलेले फोड, दातांनी चावून झालेली जखम, मोठ्यांना वारंवार येणारे तोंडातले व्रण आणि बाळाची बुरशी या सर्वांना आपण एकच नाव देतो, आणि म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला लावले जाते. डॉक्टर ज्याला ‘थ्रश’ म्हणतात तो यांतला एकच प्रकार आहे, आणि तो यीस्टमुळे होतो.

यीस्ट म्हणजे काय हे किनारपट्टीवरच्या माणसाला वेगळे शिकवावे लागू नये. माडावरून सकाळी उतरवलेला गोड रस तसाच ठेवला तर काही तासांत फसफसू लागतो आणि त्याची माडी होते, ती त्या रसात वाढणाऱ्या यीस्टमुळे. डोळ्यांना न दिसणारी, एका पेशीची ही बुरशी असते, आणि अंगाला कोंब फुटावा तशी ती वाढते. बाळाच्या तोंडात वाढणारे यीस्ट याच मोठ्या कुळातले, पण निराळ्या जातीचे असते. त्याचे नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. १८५३ साली शार्ल रोबँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ‘अल्बिकन्स’, म्हणजे पांढरे होत जाणारे, असे नाव दिले आणि १९२३ साली क्रिस्टीन बेर्खाउट या संशोधिकेने त्याला ‘कॅन्डिडा’ या गटात बसवले. या शब्दाचा अर्थही शुभ्र असाच आहे.

हे कॅन्डिडा बाहेरून हल्ला करून आलेले नसते. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यांत आणि स्त्रियांच्या योनिमार्गात ते थोड्या प्रमाणात कायमचे राहते आणि कोणताही त्रास देत नाही. म्हणून पावसाळ्यात लोणच्यावर, चपलांवर किंवा कपाटामागच्या भिंतीवर येणाऱ्या बुरशीशी बाळाच्या तोंडातल्या चट्ट्यांचा संबंध जोडणे बरोबर नाही. ‘घरात ओल आली म्हणून बाळाच्या तोंडाला बुरशी आली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि त्यामुळे घरच्या बाईला स्वच्छतेवरून उगाच बोलणी खावी लागतात. ओलीचा संबंध येतो तो लंगोटापाशी; त्याकडे पुढे वळू.

कॅन्डिडा एरवी गोल पेशीच्या रूपात शांत असते, पण परिस्थिती अनुकूल झाली की तिला लांब तंतू फुटतात आणि हे तंतू तोंडाच्या नाजूक अस्तरात शिरतात. चट्टा पुसून निघत नाही याचे कारण हेच आहे. जो पांढरा थर आपल्याला दिसतो त्यात बुरशीचे तंतू, अस्तराच्या मेलेल्या पेशी आणि इतर कचरा असे सगळे एकात एक गुंतलेले असते. हे तंतू अस्तराला इजा करणारा एक विषारी पदार्थ सोडतात, हे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले, आणि त्या पदार्थाला ‘कॅन्डिडालायसिन’ असे नाव मिळाले.

अनुकूल परिस्थिती तान्ह्या बाळांतच का मिळते? कारण बाळाची रोगप्रतिकारशक्ती अजून घडत असते, सुरुवातीच्या आठवड्यांत लाळ कमी असते, आणि तोंडात बुरशीला आवर घालणाऱ्या उपयुक्त जिवाणूंची वस्तीही नीट बसलेली नसते. बुरशी त्याच्यापर्यंत पोहोचते ती प्रसूतीच्या वेळी आईकडून, नंतर स्तनाग्रांवरून, सांभाळणाऱ्यांच्या हातांवरून किंवा बाटलीच्या बोंडीवरून. सिझेरियनने जन्मलेल्या बाळालाही ती होते. आईला किंवा बाळाला अँटिबायोटिक दिले गेले असेल तर धोका वाढतो, कारण अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, बुरशीला नाही; जिवाणूंची जागा रिकामी झाली की बुरशीला रान मोकळे मिळते. म्हणूनच तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर घरात उरलेले अँटिबायोटिकचे सिरप देणे हे नुसते निरुपयोगी नाही, ते उलट बुरशीलाच मदत करणारे आहे. वेळेआधी जन्मलेल्या आणि वजनाने कमी असलेल्या बाळांना हा त्रास अधिक होतो.

आता औषधांकडे वळतो, कारण ती कशी काम करतात हे समजले की ती कशी द्यायची हे कोणी निराळे सांगावे लागत नाही. जिवाणूला मारणे तुलनेने सोपे असते, कारण त्याची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते. बुरशीची पेशी मात्र रचनेने आपल्या पेशीच्या बरीच जवळची आहे. मग बुरशी मरेल आणि बाळाला अपाय होणार नाही असे औषध मिळवायचे कसे? दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. पेशीच्या वेष्टनाला बळकटी देण्यासाठी आपले शरीर कोलेस्टेरॉल वापरते, तर बुरशी एर्गोस्टेरॉल नावाचा वेगळा पदार्थ वापरते. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत सूत आणि राळ ठासून भरतात ती डोळ्यांसमोर आणावी. एर्गोस्टेरॉल ही बुरशीच्या होडीची राळ आहे असे समजावे. निस्टॅटिन हे औषध या राळेलाच जाऊन चिकटते, त्यामुळे सांधे उघडतात, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि बुरशीची पेशी मरते. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल ही दुसऱ्या कुळातली औषधे. ती राळ तयारच होऊ देत नाहीत, म्हणजे होडी डागडुजीवाचून हळूहळू निकामी होते.

निस्टॅटिनच्या शोधाची हकिकत मला नेहमी सांगावीशी वाटते. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात काम करत होत्या. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. निरनिराळ्या ठिकाणच्या मातीचे नमुने हेझन तपासत आणि बुरशीला मारणारा जीव सापडला की तो बरणीत घालून चक्क टपालाने ब्राउन यांच्याकडे पाठवत. व्हर्जिनियातल्या एका मित्राच्या शेतावरच्या मातीत त्यांना हवा तो जिवाणू मिळाला आणि १९५० साली त्यांनी औषध जाहीर केले. निस्टॅटिन हे नाव ‘न्यूयॉर्क स्टेट’वरून आले. त्यातून मिळालेले एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक स्वामित्वधन (रॉयल्टी) दोघींनी स्वतःकडे न ठेवता वैज्ञानिक संशोधनासाठी दिले. त्यानंतर दहाएक वर्षांनी आपल्या महाराष्ट्रातही असाच शोध लागला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले, त्या जिवाणूच्या नावातही पिंपरी आली, आणि तोंडातल्या कॅन्डिडावर ते वापरलेही गेले.

निस्टॅटिन आतड्यांतून रक्तात जवळपास शोषलेच जात नाही. तान्ह्या बाळासाठी हा मोठा गुण आहे, कारण शरीरात इतरत्र त्याचा परिणाम होत नाही. पण याच गुणात त्याची मर्यादाही आहे: ते गिळले की त्याचे तोंडातले काम संपले. हे औषध स्पर्शाने काम करते. चट्ट्याला ते जितका वेळ लागून राहील तितकाच त्याचा उपयोग. घरोघरी औषध ‘लागू पडत नाही’ अशी जी तक्रार असते, तिच्यामागे माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा औषध नव्हे तर देण्याची रीत चुकलेली असते. ड्रॉपर थेट घशाकडे नेऊन पिळला जातो, बाळ ते गटकन गिळते आणि वर लगेच छातीशी धरले जाते. औषध चट्ट्याला शिवतसुद्धा नाही.

म्हणून रीत नीट समजून घ्यावी. औषध पाजण्याआधी नव्हे, पाजल्यानंतर द्यावे. बाटली चांगली हलवावी, कारण औषध तळाशी बसते. हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. डॉक्टरांनी सांगितलेले माप अर्धे एका गालाच्या आत आणि अर्धे दुसऱ्या गालाच्या आत सोडावे; स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने ते जिभेवर, हिरड्यांवर आणि ओठांच्या आत हलकेच पसरवावे. बोळा एकदा तोंडात गेला की पुन्हा औषधाच्या बाटलीत बुडवू नये, नाहीतर बाटलीतच बुरशी जाते. त्यानंतर किमान पाच-दहा मिनिटे बाळाला पाजू नये. हे दिवसातून साधारण चार वेळा करायचे असते, आणि चट्टे दिसेनासे झाल्यावर आणखी दोन दिवस तरी चालू ठेवायचे असते, कारण डोळ्यांना दिसणारा थर गेला तरी अस्तरात शिरलेले काही तंतू शिल्लक असतात. तिसऱ्या दिवशी तोंड स्वच्छ दिसले म्हणून औषध फडताळात ठेवून दिले की आठवड्याभरात चट्टे परततात.

आपल्याकडे डॉक्टर पुष्कळदा क्लोट्रिमाझोलचे ‘माउथ पेंट’ लिहून देतात. तेही लावून पसरवायचे असते आणि वरची सगळी रीत त्यालाही लागू आहे. येथे एक धोक्याची सूचना: याच नावाने त्वचेचे मलम, पावडर आणि कानात घालायचे थेंबही मिळतात. ते बाळाच्या तोंडात कधीही घालू नयेत. मायकोनाझोलची तोंडात लावायची जेल चिकट असते, तिचा गोळा घशात अडकून बाळ गुदमरू शकते, म्हणून चार महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत, आणि त्याहून मोठ्या बाळालाही ती थोडी थोडी, तोंडाच्या पुढच्या भागातच लावायची असते. फ्लुकोनाझोल हे पोटातून घ्यायचे औषध रक्तात मिसळून सर्व शरीरात पोहोचते. वरून लावलेल्या औषधाने बरे न झालेल्या किंवा घशापर्यंत पसरलेल्या बुरशीसाठी ते राखून ठेवलेले असते आणि त्याचे माप बाळाच्या वजनावर ठरते, म्हणून ते दुकानातून परस्पर आणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली बुरशीजन्य रोगकारकांची जी पहिली यादी काढली, तिच्यात कॅन्डिडा अल्बिकन्सला सर्वांत गंभीर गटात ठेवले आहे. त्यामागे बाळाच्या तोंडातले साधे चट्टे नसून अतिदक्षता विभागातले रक्तातले संसर्ग आहेत. परंतु तेथे कामी येणारी मोजकी औषधे कारणावाचून वापरून बोथट करू नयेत हे आपल्या हातात आहे.

जुन्या लोकांना ‘जांभळे औषध’ आठवत असेल. ते जेन्शन व्हायोलेट. ते बुरशीवर चालते यात शंका नाही आणि अगदी पातळ, पाण्यातले द्रावण आरोग्य केंद्रांतून दिलेही जाते. मात्र ते दाट लावले किंवा फार दिवस लावले तर तोंडात व्रण होतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाचा संशय आल्यामुळे काही देशांनी ते मागे घेतले आहे. निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमाझोल मिळत असताना घरी ठेवलेली जांभळी बाटली उघडण्याचे कारण नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

आता टाकणखार आणि मध. हा उपाय प्रेमापोटी केला जातो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि म्हणूनच त्याविषयी बोलताना कोणा आजीचा अवमान होऊ नये असे वाटते. परंतु मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते रुजत नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यांत रुजतात आणि तेथे विष तयार करतात. शौचास न होणे, रडण्याचा आवाज क्षीण होणे, मान आणि हातपाय ढिले पडणे आणि पुढे श्वास अडणे असा तो आजार आहे. मध घरच्या पोळ्याचा असो, रानातला असो की दुकानातला, हा धोका सारखाच. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या पोटात गेला की साठत जातो. मध आणि बोरॅक्सचे मिश्रण चोखणीला लावून दिलेल्या सात बाळांना आकडी आल्याची नोंद १९८३ साली ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात झाली, आणि ते मिश्रण बंद केल्यावर त्यांच्या आकड्या थांबल्या. लाही करून घेतल्याने टाकणखारातले बोरॉन हे अपायकारक द्रव्य कोठे जात नाही. ज्या आजाराला सुरक्षित औषध आहे, आणि जो सौम्य असेल तर कधीकधी औषधावाचूनही ओसरतो, त्यासाठी बाळाच्या मेंदूला धोका का पत्करावा?

आईचे स्तनपान थांबवू नये, हे ठामपणे सांगायला हवे. स्तनाग्रे लाल, चकाकणारी, खाजणारी असतील तर आईनेही दाखवावे, आणि तिला बुरशी असल्याचे निदान झाले तर दोघांचे उपचार एकाच वेळी करावेत, म्हणजे बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहत नाही. अर्थात पाजताना होणारी प्रत्येक वेदना बुरशीची नसते. बाळाची पकड नीट नसल्यानेही स्तनाग्रे चिरतात, म्हणून मलम मागण्याआधी परिचारिकेला बाळ कसे पिते ते पाहायला सांगावे. बाटली शक्यतो नकोच. वरचे दूध द्यावेच लागत असेल तर आपले जुने बोंडले किंवा वाटी-चमचा बरा, कारण तो सर्व बाजूंनी घासता येतो आणि पाण्यात दहा मिनिटे उकळता येतो. बाटलीची बोंडी आणि चोखणी यांच्या खाचांत बुरशी टिकून राहते.

तोंडातली बुरशी गिळली जाऊन शौचावाटे बाहेर पडते, म्हणून अशा बाळाचे तोंड तपासताना लंगोटाखालची जागाही पाहावी. जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेने बेटाभोवतीच्या खडकांसारख्या सुट्या लाल पुटकुळ्या दिसल्या तर तीही कॅन्डिडाच समजावी. येथे मात्र आपला पावसाळा आडवा येतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढात चार चार दिवस दोरीवरचे कपडे दमटच राहतात. दमट लंगोट किंवा तासन्‌तास न बदललेला डायपर बुरशीला हवी ती ऊब आणि ओल देतो. लंगोट शेवटी इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करावेत, जागा पुसून थोडा वेळ उघडी ठेवावी आणि डॉक्टरांनी दिलेले साधे बुरशीविरोधी मलम लावावे. दुकानात मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमे दोन दिवसांत लाली घालवतात, पण त्यांखाली बुरशी वाढत राहते आणि बाळाची कोवळी त्वचा पातळ होते.

दाखवायचे कोणाला, हा प्रश्न वाडीवस्तीवर खरा असतो. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावी अशी योजना आहे. चट्टे पुष्कळदा याच आठवड्यांत दिसू लागतात, तेव्हा त्या आल्या की तोंड उजेडात उघडून दाखवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे की नाही हे त्या सांगतील. मात्र बाळ दूध ओढायला लागताच रडून सोडून देत असेल, दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, मलूल असेल, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. औषध नीट लावूनही आठवड्यात फरक पडला नाही, तरी पुन्हा दाखवावे.

वर्ष उलटलेल्या मुलाच्या तोंडात हे चट्टे आले तर विचार थोडा निराळा करावा लागतो. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्या मुलांना ते येतात. तेथे पंप बंद करायचा नसतो, तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी पाण्याने खळखळून चूळ भरून ती थुंकायची, एवढ्याने बहुधा भागते. पंप नाही, नुकतेच अँटिबायोटिकही झालेले नाही, आणि तरी चट्टे पुन्हा पुन्हा येत आहेत, वजन वाढत नाही, जुलाब किंवा खोकला पाठ सोडत नाही, अशा मुलाची साखर, एचआयव्ही आणि एकूण रोगप्रतिकारशक्ती तपासून घेण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. तो ऐकून घाबरून जाऊ नये आणि तपासणी टाळूही नये. अशा मुलाला नुसते चट्ट्यांवरचे औषध देत राहिल्याने मूळ आजार कळायला उशीर होतो.